पान अकरा, अर्ध्यापर्यंत

डोणगाव, २ मार्च

मंजुश्री,

चंद्रशेखर सरांनी तुझी वही वर धरली, "आता हा नमुना ऐका" म्हणाले आणि पान अकरा वाचायला घेतलं. त्या मिनिटाला माझं सगळं बदललं. त्याआधी मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आता डोणगावात पुंजाजीकाकांच्या दुकानात मोटरी भरतो. म्हणजे जळालेली तार काढायची आणि नवी घालायची. झोपायला दुकानामागची खोली आहे.

तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून पत्र. मला एक पान लिहायला किती वेळ लागतो ते तुझ्याइतकं कोणाला माहीत नाही. आधी तोंडानं म्हणतो, मग लिहितो, मग वाचून पाहिलं की अर्धे शब्द दुसऱ्याच कोणाचे वाटतात. तरी लिहितोय. यावरून काय समजायचं ते समज.

राग आहे का, असं विचारशील तर आहे. सरांनी सांगितलं होतं, नोंदवहीची पहिली दहा पानं 'मी कशी शिकते' यावर आणि अकरावं पान 'माझ्यापेक्षा वेगळं शिकणारी एक व्यक्ती' यावर. अख्खा बुलढाणा पडला होता. दीपकनं त्याच्या मावशीला धरलं, ती म्हणे पापड लाटता लाटता हिशोब शिकली. तुला मात्र मीच सापडलो. नाव टाकलं नाहीस, 'क्ष' लिहिलंस. मोठे उपकार.

"क्ष छापील पान वाचताना ओळी सोडतो. तोच मजकूर वाचून दाखवला तर एकदा ऐकून जसाच्या तसा सांगतो. ऐकताना त्याच्या हातात तांब्याच्या तारेचा तुकडा असतो. तार काढून घेतली की त्याचं उत्तर अडखळतं."

चाळीस जणांनी माझ्या हाताकडे पाहिलं. तार हातातच होती. मागून कोणीतरी म्हणालं, "अबे, क्ष तं आपल्याच बेंचवर बसून राह्यला!" मग जे हसले ते हसलेच. सरांनी वही मिटली, शांत बसा म्हणाले. ते वाईट माणूस नाहीत, त्यांना वाटलं आपण कौतुक करतोय. तू खाली मान घालून बसली होतीस. एकदा माझ्याकडे पाहायचं होतंस.

त्यानंतर चिखली रोडवर जे झालं ते झालं. ते लिहीत नाही.

मी इकडे मजेत आहे.

संघर्ष


डोणगाव, १५ मार्च

मंजुश्री,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं, पण पोस्टमन दुकानावरून जातो तेव्हा हात थांबतो. पुंजाजीकाकांच्या लक्षात आलं आहे. ते म्हणतात, "मास्तर, तो लाइटचं बिल आनते फक्त. कायले मान लांबवतं?" डी.एड. सोडून आलो म्हणून मला मास्तर म्हणतात. दुकानात येणारे जाणारेही तेच म्हणतात. पहिल्या आठवड्यात राग यायचा. आता तेवढंही अंगात राहत नाही.

मजेत आहे असं लिहिलं होतं. ते खोटं. थकलो आहे. कामानं नाही, काम बरं आहे. रागानं थकलो. सकाळी उठतो तेव्हा तो माझ्या आधी उठून बसलेला असतो.

तुला काम कसं असतं ते सांगतो. जळालेली मोटर उघडायची. जुनी तार छिन्नीनं कापून खाचांमधून ओढून काढायची. किती वेढे होते ते मोजायचं, आणि नव्या तारेचे नेमके तेवढेच वेढे भरायचे. एकानं कमी नाही, एकानं जास्त नाही. पुंजाजीकाका आकडा पुठ्ठ्यावर लिहून मोटरीला बांधून ठेवतात. परवा पुठ्ठ्यावर चौसष्ट होते, मी सेहेचाळीस वाचले. सगळी मोटर भरली, दोरा बांधला, वॉर्निश दिलं, सुकवली. ज्यांची होती ते राजकुमारभाऊ न्यायला आले. चालू केली आणि चहा येईपर्यंत धूर. ते म्हणाले, "पुंजाजी, मास्तर ठेवला का पेटवनारा ठेवला?"

मी हातातली लाकडी हातोडी फेकली. कपाटाची काच गेली.

तुला वाटेल आता हाकललं असेल. नाही हाकललं. काकांनी राजकुमारभाऊंना चहा पाजून वाटेला लावलं आणि काचा वेचायला बसले. मीही बसलो.

"काऊन बे, राग मोटरीवर हाये का आकड्यावर?"

मी म्हणालो, "मले आकडा नीट दिसत नाही काका."

"दिसते. उलटा दिसते. मंग आजपासून मी बोलत जाईन, तू ऐकत जाय."

"मले लाज वाटते."

"कायची? मले ऐकू कमी येते म्हनून मी लिवतो. तुले वाचनं जमत नाही म्हनून तू ऐक. दोघाचा मिळून एक पुरा मिस्त्री झाला. हात सांभाळ, काच लागन."

बस. एवढंच. जे मी पहिलीपासून लपवत आलो ते त्यांनी काचा वेचता वेचता मिटवून टाकलं. मी नंतर मागे पाण्याच्या टाकीजवळ जाऊन बराच वेळ तोंड धूत होतो.

तुला तो तक्ता आठवतो? सरांनी जूनमध्ये दिला होता. तीस प्रश्न, प्रत्येकाला तीन पर्याय: वाचून, ऐकून, करून. मी तीसच्या तीस ठिकाणी 'वाचून' वर खूण केली. तू शेजारून पाहिलंस. म्हणालीस, "खोटारडा हायेस तू." मी म्हणालो, "मास्तर व्हायचं हाये मले, गवंडी नाही." तू बोलली नाहीस मग. तुझे वडील गवंडी आहेत, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. ते मला आज, हे लिहिताना, ध्यानात आलं. बघ. नऊ महिन्यांनी.

आता कोणी तो तक्ता दिला तर काय लिहीन, याचा विचार करतो. ऐकून शिकतो म्हणावं तर कोणाचंही ऐकून नाही शिकत. तू आजोळी गेली होतीस तेव्हा दीपकनं मला बालमानसशास्त्राचा दुसरा धडा वाचून दाखवला होता, मी झोपलो. करून शिकतो म्हणावं तर नुसते हात चालून डोकं चालत नाही. मला कानात आवाज लागतो आणि त्याच वेळी हातात काहीतरी लागतं. हात मोकळे असले की माझं मन त्यांच्याकडेच बघत बसतं. हात गुंतले की ते सुटतं, आणि मग कानातून आलेलं थेट आत जातं. पुस्तकातल्या तिन्ही कप्प्यांत हे बसत नाही. तू मात्र ते चार ओळींत लिहिलं होतंस. चारचौघांसमोर आलं म्हणून मला ते खोटं वाटलं. होतं खरंच.

सरांनी जानेफळला बाबांना फोन केला होता. १० एप्रिलपर्यंत संघर्षनं यावं, परीक्षेचा अर्ज भरावा, हजेरीचं मी पाहतो, फक्त त्याची नोंदवही राहिली आहे तेवढी त्यानं लिहून द्यावी, म्हणाले. बाबा काही बोलत नाहीत, तुला माहीतच आहे. आईनं रात्रंदिवस लावून धरलं आहे. "जाय ना रे बाबू. दोन महिन्याचा तं सवाल हाये. तुह्या नावापुढं गुरुजी लागन." मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. तुझ्यासमोर कसा येऊ?

संघर्ष


डोणगाव, २८ मार्च

मंजुश्री,

हे पत्र दीपकच्या हाती देतो आहे. तो आज त्यांच्या विहिरीची मोटर घेऊन आला होता. मी त्याला पाहून आत जाऊन बसलो, तर दारातून ओरडला, "बाहेर निंघ बे! मोटर जळाली, मी नाही जळालो."

त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, माझी दोन्ही पत्रं तुला मिळाली, तू ती फोडली नाहीस आणि फेकलीही नाहीस, पेटीत कपड्यांखाली ठेवलीस. प्राचार्य अनुपमा मॅडमनी होस्टेलच्या खोल्या तपासल्या तेव्हा तिथं राहणाऱ्या त्याच्या बहिणीनं पाहिलं. दुसरी गोष्ट मी त्याच्याकडून तीनदा वदवून घेतली.

"तुले खरंच माहीत नाही? मंजुश्रीचं वर्ष वाया चाललं ना."

"कसं काय?"

"नोंदवही जमा नाही केली तिनं. हरवली म्हनते. सरानं म्हटलं, मी स्वतः वाचली वर्गात, मी साक्ष हावो. पन मॅडम आयकत नाही. दर आठवड्याच्या सह्या होत्या त्याच्यात. मॅडम म्हने, कुठं हरवली, कशी हरवली, लेखी दे, मंग तुह्यी वही पुन्हा लिहून घेऊ. तर ते पोरगी देतच नाही लेखी. मुक्यावानी उभी राह्यते. दहा तारखेपर्यंत दिलं तं दिलं, नाहीतर बस घरी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुले काही माहीत हाये का?"

मी म्हणालो, "मले काय माहीत?"

तो गेला नाही अजून, बाहेर काकांशी बोलतोय. मी आत बसून हे लिहितोय.

तुला माहीत असलेलंच तुला लिहितो आहे, कारण मी आजवर ते कोणालाच सांगितलेलं नाही. आईला सांगितलं, रागात माझीच वही फाडली. काकांना सांगितलं, शिकणं जमलं नाही. पहिल्या पत्रात तुलाच लिहिलं की 'जे झालं ते झालं', जसं काही ते आपोआप झालं.

सर गेल्यावर तू पाठीमागं आलीस. चिखली रोडला रसवंतीजवळ मला गाठलंस. "संघर्ष, ऐकून तं घे" म्हणालीस. मी म्हणालो, "दाखव वही." तू दिलीस. विश्वासानं दिलीस. मी ती मधोमध फाडली, मग आडवी फाडली, आणि रसवंतीच्या मागे चिपाडं जळत होती त्यात टाकली. तू हात घालायला गेलीस, मी तुझं मनगट धरून ठेवलं. जळेपर्यंत धरून ठेवलं. तू रडली नाहीस. "माझं दुखून राह्यलं, सोड" एवढंच म्हणालीस.

आणि याहून वाईट ते हे. जानेवारीत तू मला विचारलं होतंस. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर. "अकराव्या पानावर तुह्याबद्दल लिहू का?" मी हो म्हणालो होतो. नुसता हो नाही, "लिही ना, विचारतं काय" असं म्हणालो होतो, आणि त्या आठवड्यात दोनदा नवा शर्ट घातला होता. मला वाटलं, तू लिहिशील ते काहीतरी दुसरंच असेल. मी कसा शिकतो हे कोणाला ऐकायचं होतं! मला ऐकायचं होतं की मी तुझा कोण आहे. महिनाभर मी त्या पानाची वाट पाहिली. पहिली दहा पानं तू मला वाचून दाखवलीस, अकरावं नाही दाखवलंस, तेव्हा तर माझी खात्रीच झाली. मग सरांनी वाचलं आणि त्यात तारेचा तुकडा निघाला.

तू मला फसवलं नाहीस. मी स्वतःच काहीतरी समजून बसलो, आणि ते निघालं नाही म्हणून तुझी वही जाळली.

तू लेखी का देत नाहीस? माझं नाव घेतलं तर मला काढतील म्हणून? कॉलेजचा नियम मलाही माहीत आहे, दुसऱ्याची नोंदवही नष्ट केली तर कायमचं नाव कमी. मंजुश्री, असं नको करू. माझ्यासाठी वर्ष घालवू नको. मी त्या लायकीचा नाही. दे लिहून.

दीपक हाक मारतोय.

संघर्ष


डोणगाव, १० एप्रिल, सकाळ

मंजुश्री,

तू लिहून दिलं नाहीस. दीपकचा काल फोन आला. मग निवेदन मीच लिहिलं आहे.

पण ते शेवटी सांगतो. आधी दुसरं सांगायचं आहे.

मागच्या पत्रानंतर दोन दिवस मी नुसता बसून होतो. नुसतं 'मी जाळली' असं लिहून दिलं तरी मॅडम म्हणतील, ठीक, पण वही कुठे आहे? तू पुन्हा लिहिणार कशी, जूनपासूनच्या तारखा, त्या दिवशी काय सुचलं ते? मग मला आठवलं की पहिली दहा पानं तू मला वाचून दाखवली होतीस. दर शनिवारी, कॉलेजच्या मागच्या व्हरांड्यात, सही घ्यायच्या आधी. "बरं वाटते का आयकायले?" विचारायचीस. मी हातानं काहीतरी गुंडाळत असायचो, आणि हं म्हणायचो.

वही घेऊन बसलो. एक ओळ आठवेना. पेन हातात, समोर कोरं पान, आणि डोकं त्या पानासारखंच. दोन तास. मी पेन फेकणार होतो. फेकला नाही, एवढं लिहितो.

दुसऱ्या दिवशी दुकानात पाच हॉर्सपॉवरची मोटर आली. तार गुंडाळायच्या चाकावर बसलो, मूठ फिरवायला लागलो. काका समोरून आकडे म्हणत होते. आणि त्या आकड्यांच्या खालून तुझा आवाज निघाला.

"मी रंगांनी शिकते. सनावळ्या मला पिवळ्या दिसतात, माणसांची नावं हिरवी. अमडापूरच्या शाळेत मी पुढच्या मुलीच्या पाठीवर बोटानं पाढे लिहायची. तिला गुदगुल्या व्हायच्या आणि मला सतराचा पाढा पाठ झाला."

मी मोठ्यानं म्हणत होतो हे मला कळलंच नाही. काकांनी मोजणं थांबवलं.

"कोनाचं हाये बे हे?"

"एका पोरीचं."

"मोठ्यानं म्हन. मले आयकू येत नाही."

मग रोज तेच. मी गुंडाळायचो आणि म्हणायचो, फोन समोर ठेवून आवाज भरून घ्यायचो, दुपारी दुकान बंद असताना तो लावून ऐकायचो आणि लिहायचो. थांबवायचो, लिहायचो, पुन्हा लावायचो. काकांना सातवं पान सगळ्यात आवडलं. ते तू म्हटलं होतंस ना, की चूक झाली तर मी ती खोडत नाही, भोवती चौकट करते, कारण चुकीची जागा लक्षात राहिली की बरोबर उत्तर तिच्या आसपासच सापडतं. काका म्हणाले, "हे पोरगी मिस्त्री पाहिजे होती."

दहा पानं व्हायला आठ दिवस लागले. अक्षर माझं आहे, घाण आहे, तीन ठिकाणी ओळ वाकडी गेली. तारखा आहेत, कारण तू वाचायला सुरुवात करताना तारीख म्हणायचीस. एक शब्दही मी माझा घातलेला नाही. आणि हे सगळं लिहिताना मला पहिल्यांदा कळलं की तू कसा विचार करतेस. ऐकताना मी तुझा आवाज ऐकत होतो, तू काय म्हणतेस ते नव्हतो ऐकत. दोन वर्षं शेजारी बसून मला हे माहीतच नव्हतं की तुला नकाशा उलटा धरला तर जास्त समजतो, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी तुला पोटात कळ येते, आणि ती लपवायला तू विनोद करतेस. मी माझ्यातच होतो.

अकरावं पान लिहिलं. तारेपर्यंत. ते लिहिताना फार त्रास होईल वाटलं होतं. झाला नाही. दुसऱ्या कोणाबद्दल असल्यासारखं लिहिलं, आणि तो मुलगा मला तितका काही वाईट वाटला नाही. पण "उत्तर अडखळतं" याच्यापुढे मला येत नाही. तिथे वर्ग हसला आणि सरांनी वही मिटली. अर्धं पान अजून होतं. मी ते पाहिलं होतं, फाडताना, पण वाचलं नाही. मी कशाला वाचतो! तिथे मी जागा कोरी ठेवली आहे. ती तूच भर. मला सांगू नकोस काय होतं ते. खरंच नको.

निवेदनात लिहिलं आहे की ही वही मंजुश्रीची आहे, हात फक्त माझा आहे, मूळ वही मी जाळली, तिला विचारून नाही, तिचं मनगट धरून. अनुपमा मॅडम काय करतील मला सांगता येत नाही. सर सह्यांची साक्ष देतील असं दीपक म्हणतो. माझं नाव कमी होईल, ते ठरलेलंच. काल आईला फोन करून सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जेवून निंघजो." बाबांनी फोन घेतला, घसा साफ केला, आणि ठेवला.

तुझ्याकडून मला काही नको. हे लिहायला सोपं नाही, मी तीनदा म्हणून पाहिलं. माफी मागायला वर्गाकडे येणार नाही, चारचौघांत तुझ्यापुढं उभा राहणार नाही, तुझं वर्ष वाचलं की नाही ते दीपकला विचारीन. मी कॉलेजात आधी मॅडमच्या खोलीत जाणार आणि तिथून सरळ स्टँडवर.

काका दुकान उघडायला यायचे आहेत. किल्ली खिडकीत ठेवली. मेहकरची गाडी सहा वाजता आहे, तिथून चिखली, तिथून बुलढाणा. हे पत्र स्टँडवरच्या पेटीत टाकतो, म्हणजे मी येऊन गेल्यावर तुला मिळेल. वही पिशवीत घातली. निवेदन खिशात आहे. आता पेन ठेवतो, चप्पल घालतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.

संघर्ष